एकोणऐंशी

“ही नवीन मुलगी बोलते का, की नुसतीच टाईप करते?”

पार्टिशनच्या पलीकडून हे वाक्य आलं तेव्हा मला नोकरीला लागून चौथा दिवस होता. विचारणारी बाई आवाज खाली आणायचा प्रयत्न करत होती आणि तो प्रयत्न अख्ख्या मजल्याला ऐकू जात होता. कुणीतरी नुसतं हसलं. मी टाईप करत राहिले, फक्त जरा हळू, म्हणजे बटणांचा आवाज कमी येईल.

थोड्या वेळानं पार्टिशनच्या वर एक डोकं आलं. पांढऱ्या केसांचा घट्ट अंबाडा, त्यात अबोलीचा बोटभर वळेसर, गळ्यात दोरीनं लटकवलेला चष्मा आणि हातात फूटभर लांबीची स्टीलची पट्टी. पट्टीचं टोक माझ्याकडे करून त्यांनी नाव विचारलं. मी सांगितलं. “मोठ्यानं,” त्या म्हणाल्या. मी पुन्हा सांगितलं, जुई. “जुईला वास असतो गो, लांबूनही कळते. तू अबोली.” आणि डोकं खाली गेलं.

या परुळेकर मॅडम. लोअर परळच्या त्या ऑफिसात मी दोन वर्षं त्यांच्या शेजारी बसले, आणि त्या दोन वर्षांतला असा एक दिवस मला आठवत नाही, ज्या दिवशी मला त्यांचा वैताग आला नाही.

आमचं काम सांगायला सोपं आणि करायला कंटाळवाणं होतं. परळच्या एका मोठ्या इस्पितळाचे तपासणी-रिपोर्ट ज्या यंत्रांवर साठायचे, ती यंत्रं आमच्या कंपनीच्या देखरेखीखाली होती. असं प्रत्येक यंत्र दर मिनिटाला स्वतःबद्दल एक ओळ लिहितं: किती वाजले, प्रोसेसरवर किती ताण आहे, मेमरी किती वापरली, डिस्क किती भरली. ओळींच्या या फाईलला लॉग म्हणतात. तो रोज वाचायचा आणि यंत्राला कुठं दुखतंय ते शोधायचं. हे वाचन आपोआप व्हावं म्हणून मला स्क्रिप्ट लिहायला नेमलं होतं. त्याआधी ते परुळेकर मॅडम करायच्या, पट्टी लावून.

खरोखर पट्टी लावून. पूर्वी त्या लॉग छापून घ्यायच्या. मग कागदावर मर्यादा आली, तेव्हा त्या पट्टी थेट मॉनिटरवर ठेवायला लागल्या. एकेक ओळ, पट्टी खाली, पुढची ओळ. त्यांच्या मॉनिटरवर बारीक आडव्या रेघा उमटल्या होत्या. आणि वाचन मनातल्या मनात नसायचं. “त्रेसष्ट, चौसष्ट, चौसष्ट, एकाहत्तर, हं?, अडुसष्ट.” दिवसभर. माझ्या उजव्या कानाशी. मी हेडफोन लावायचे तर त्या पट्टीनं पार्टिशनवर टकटक करायच्या आणि डबा खायला बोलवायच्या.

त्या आकड्यांचा मला त्रास व्हायचा त्याचं आणखी एक कारण होतं, ते मी कोणालाही सांगितलेलं नव्हतं. मला मराठी आकडे येत नाहीत. म्हणजे घरात आम्ही मराठीच बोलतो, शाळेत मराठी विषय होता, निबंधाला चांगले मार्क असायचे. पण गणित इंग्रजीत झालं, घरचे फोन नंबर इंग्रजीत पाठ झाले, आणि विसाच्या पुढचं सगळं धुक्यात राहिलं. सदुसष्ट ऐकलं की मी सहा आणि सात कुठल्या क्रमानं ते मनात जुळवत बसते आणि तोवर बोलणारा पुढे गेलेला असतो. एकदा दादरला डॉक्टरांकडे माझा नंबर एकोणतीस होता. कंपाउंडरनं तो दोनदा पुकारला. मला तो एकोणीस वाटला आणि मी शांतपणे बसून राहिले, अजून दहा जण आहेत अशा समजुतीनं. माझी पाळी गेली आणि मी शेवटी आत गेले. विचारायचं म्हणजे उठून, सगळ्यांसमोर, या वयात. त्यापेक्षा थांबलेलं बरं. माझ्या आयुष्यातले बरेच निर्णय मी या हिशोबानं घेतलेले आहेत.

आठ दिवस खपून मी पहिली स्क्रिप्ट लिहिली. चार सेकंदांत ती दिवसाचा लॉग वाचायची, सरासरी काढायची आणि हिरव्या-निळ्या रंगांत आलेख दाखवायची. आमचा टीम लीड कौस्तुभ एवढा खूश झाला की त्यानं तो आलेख मोठ्या स्क्रीनवर लावला. परुळेकर मॅडमनी चष्मा चढवला, पण आलेखाकडे बघितलंच नाही. माझ्याकडे बघितलं.

“हजेरी घेतलीस?”

कोणाची, ते मला कळेना. दिवसात मिनिटं किती, त्यांनी विचारलं. मी चोवीस गुणिले साठ करेपर्यंत त्यांनीच उत्तर दिलं, चौदाशे चाळीस. मग ओळी किती आल्या? मी मोजल्या नव्हत्या. मोजल्या तर तेरा कमी निघाल्या. कौस्तुभ म्हणाला, मॅडम, तेरानं काय होतंय, एक टक्कासुद्धा नाही.

“टक्के नंतर. आधी तेरा जण गेले कुठे ते बघा.”

तेरा जण. जणू ओळी नव्हेत, पोरं हरवली होती. मी स्क्रिप्ट उघडून दाखवली. जी ओळ अर्धवट असेल किंवा कळणार नाही ती गुपचूप सोडून पुढे जायचं, असं मीच तिला शिकवलं होतं, नाहीतर ती मध्येच अडून बसायची. मॅडमनी ते दोनदा समजावून घेतलं. मग म्हणाल्या, “म्हणजे तुझी पोरगी न चावता गिळते, आणि गिळता येत नाही ते ताटाखाली लपवते.”

दीड दिवस मी त्या तेरा ओळी शोधत बसले. दात-ओठ खात. सापडल्या तेव्हा त्या सगळ्या सकाळी अकरा ते साडेअकराच्या मधल्या होत्या. इस्पितळात गर्दीची वेळ. यंत्रावर इतका ताण आला होता की त्याला स्वतःची ओळसुद्धा धड लिहून पुरी करता आली नव्हती. दिवसातली सगळ्यात वाईट तेरा मिनिटं माझ्या स्क्रिप्टनं फेकून दिली होती आणि उरलेल्या दिवसाचा सुंदर आलेख काढला होता.

त्यांनी ‘बघ, मी म्हटलं नव्हतं?’ असं काही म्हटलं नाही. म्हटलं असतं तर मला सोपं गेलं असतं. त्यांनी वडिलांची गोष्ट सांगितली. त्यांचे वडील गिरणीत साळखात्यात, म्हणजे माग चालायचे तिथे, हजेरी लिहायचे. ते म्हणायचे, जो रजेचा अर्ज घेऊन येतो त्याची काळजी करू नये, तो चालत आलेला असतो. जो खरा आजारी, तो अर्ज द्यायलाही येत नाही. हजेरीत जागा रिकामी दिसली की आधी त्याच्या खोलीवर माणूस पाठवायचा. “यंत्राचं पण तसंच गो. जास्त बोंबलतं ते बरं असतं. गप्प झालं की जाऊन बघायचं.” हे म्हणताना त्या माझ्याकडे जरा जास्तच वेळ बघत राहिल्या, म्हणून मी डबा उचलून धुवायला गेले.

त्यानंतर माझी स्क्रिप्ट माझी राहिली नाही. रोज काहीतरी निघायचं. हव्या त्या ओळी वेगळ्या काढायला मी जो नमुना लिहिला होता, त्याला त्या चाळणी म्हणायच्या. “चाळणीतून खाली काय पडलं ते मग. वर काय राहिलं ते आधी दाखव.” म्हणून मला नाकारलेल्या ओळींची वेगळी फाईल करावी लागली. एकदा जिथे आकडा आला नव्हता तिथे मी शून्य भरलं, तर त्यांनी मला पंधरा मिनिटं उभं केलं. मुलगा परीक्षेला गैरहजर होता आणि मुलाला शून्य मार्क मिळाले, यात फरक आहे की नाही? आहे. मग? मी म्हटलं, मागच्या-पुढच्या मिनिटांची सरासरी भरते. ते त्यांना पटलं, पण अर्धंच. गिरणीत गैरहजर माणसाच्या जागी दुसरा उभा करायचे, त्याला बदली म्हणायचे. “बदली लाव, माझं काही म्हणणं नाही. पण हजेरीत बदली म्हणून लिही. त्याला मूळ माणसाचं नाव देऊ नको.” आजही माझ्या प्रत्येक स्क्रिप्टमध्ये एक रकाना असतो, त्याचं नाव ‘बदली’ आहे. नवीन येणारे लोक त्याचा अर्थ विचारतात, आणि मला सगळं पहिल्यापासून सांगावं लागतं.

या सगळ्यात रिपोर्ट उशिरा जायचा. कौस्तुभ वैतागायचा. तो वाईट माणूस नाही, पण इस्पितळाकडून सारखे फोन त्याला यायचे. माझं दुसरं वर्ष निम्मं सरलं तेव्हा मॅडम निवृत्त व्हायला चार-पाच महिने राहिले होते आणि तो ते महिने मोजत होता, हे सगळ्यांना दिसत होतं. मीही मोजत होते. खोटं कशाला सांगू.

त्यांची आणखी एक खोड म्हणजे सगळं एक पायरी आधी. अकराची मीटिंग असली की त्या दहा एकोणसाठला खुर्चीत. लालबागहून चालत यायच्या, नवाला एक मिनिट कमी असताना दारात. एकदा मी धावत नऊला पोचले तर म्हणाल्या, वेळेवर येणारा माणूस उशिराच आलेला असतो. हे सगळं मला माहीत होतं. आकडे येत नसले तरी एवढ्यावरून मला कळायला हवं होतं.

झालं ते असं. इस्पितळानं एक नवीन काम आमच्यावर सोपवलं. डिस्क भरत आली की ते आधी स्वतः लक्ष ठेवायचे. ते आता आमच्या स्क्रिप्टनं करायचं, ठराविक मर्यादा ओलांडली की सगळ्यांना मेल पाठवायची. मर्यादा परुळेकर मॅडमनी ठरवायच्या होत्या. त्या दिवशी त्या रजेवर, माहीमला बहिणीकडे. कौस्तुभला तीनच्या आत सगळं हवं होतं. त्यानं मला फोन करून आकडे घ्यायला सांगितले. मला फोन करायला आवडत नाही, पण केला.

मागे कुकरची शिट्टी होत होती, बहीण काहीतरी विचारत होती. “लिही,” मॅडम म्हणाल्या. “प्रोसेसर पंच्याऐंशी. मेमरी नव्वद. डिस्क एकोणऐंशी.”

मी चिठ्ठीवर लिहिलं: ८५, ९०, ८९. पंच्याऐंशी म्हणजे ऐंशी आणि पाच, एकोणीसमध्ये नऊ असतो, तेव्हा एकोणऐंशी म्हणजे ऐंशी आणि नऊ. मला तर उलट समाधान वाटलं होतं की आपल्याला जमायला लागलं.

“वाचून दाखव.”

आणि मी वाचून दाखवलं. पोपटासारखं, त्यांच्याच शब्दांत. पंच्याऐंशी, नव्वद, एकोणऐंशी. शब्द न् शब्द बरोबर.

“शाब्बास, अबोली.”

मग मी तेच आकडे मेलमध्ये लिहून त्यांच्याकडे संमतीसाठी पाठवले. एका मिनिटात उत्तर आलं, ‘ठीक’. तीन वाजायच्या आत मर्यादा स्क्रिप्टमध्ये गेल्या.

तीन आठवडे काही झालं नाही. मग एका शुक्रवारी डिस्क एकोणऐंशीच्या पुढे गेली, आणि स्क्रिप्ट गप्प राहिली, कारण तिला तसंच सांगितलेलं होतं. शनिवार-रविवारी डिस्क थोडी थोडी भरत गेली. सोमवारी सकाळी ती ८९च्या वर गेली तेव्हा मेल आली, पण तोवर इस्पितळात तपासण्यांची गर्दी सुरू झाली होती. कोणी मेल उघडून काही करेपर्यंत डिस्क काठोकाठ भरली आणि रिपोर्ट निघायचे बंद झाले. दोन तास. ज्यांचं ऑपरेशन त्या दिवशी ठरलं होतं अशांचे रिपोर्ट अडकले. माझगावहून आलेले एक आजोबा आदल्या रात्रीपासून उपाशी होते, त्यांना परत पाठवावं लागलं, असं इस्पितळाचा माणूस फोनवर सांगत होता. कोणाच्या जिवावर बेतलं नाही. पण ते आजोबा माझ्या डोळ्यांसमोरून हलत नव्हते, मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं तरी.

मंगळवारी मीटिंग झाली. कौस्तुभनं विचारलं, डिस्कची मर्यादा एवढी वर कोणी ठेवली?

“मी सांगितली,” मॅडम म्हणाल्या. “पण एकोणऐंशी.”

“तेच तर. एटी-नाईन.”

“एकोण म्हणजे एक उणा, कौस्तुभ. ऐंशीला एक कमी. सेव्हन्टी-नाईन. ऐंशीला सगळेच जागे होतात, आपण एक आधी उठायचं.”

मला त्या क्षणी कळलं. कौस्तुभनं मेल मोठ्या स्क्रीनवर आणली. माझी मेल, त्यातला ८९, आणि खाली त्यांचं ‘ठीक’. मॅडम उठल्या. स्क्रीनजवळ जाऊन त्यांनी त्या ओळीखाली पट्टी धरली, आणि वाचलं, “एकोणनव्वद.” पुन्हा वाचलं. मग पट्टी खाली आणली.

“बहिणीकडे होते. चष्मा आतल्या खोलीत होता. न बघता ठीक लिहिलं,” त्या म्हणाल्या. आणि मग, “पण पोरीनं लिहिलेलं मला वाचून दाखवलं होतं. मी बरोबर म्हटलं म्हणजे तेव्हा मला बरोबरच ऐकू आलं असणार. मग मीच एकोणनव्वद म्हणाले असेन.”

मला कोणी काही विचारलं नाही. मला कोणी कधीच काही विचारत नाही, ते मी मेहनतीनं कमावलेलं आहे. यंत्रांच्या प्रत्येक मिनिटाचा लॉग होता. माहीमच्या त्या फोनचा नव्हता. ती चिठ्ठी माझ्या खणात होती. गप्प बसले असते तर आयुष्यात कोणाला कळलं नसतं.

मीटिंगनंतर पाणी पिताना त्या माझ्याजवळ आल्या. मला वाटलं, आता विचारतील. पण त्यांना काहीतरी सांगायचं होतं. त्यांच्या आईचं असंच सुरू झालं होतं, आकड्यांपासून. मनात एक असायचं, तोंडातून दुसराच आकडा निघायचा. आधी बसचा नंबर चुकायला लागला, मग पोरांची वयं, मग पोरंच. “वर्षभरात मला ताई म्हणायला लागली. स्वतःच्या मुलीला.” सोमवारी परळला डॉक्टरांची वेळ घेतली आहे, पण घरी कोणाला सांगितलेलं नाही, तू पण बोलू नको. “तुला काय सांगायचं म्हणा, तू अबोली.”

मला त्यांचा भयंकर राग आला. आयुष्यभर कुठल्या यंत्रावर विश्वास ठेवला नाही, चौदाशे चाळीसांतली एक ओळ कमी आली तर जेवल्या नाहीत, आणि माझ्या एका पोपटपंचीवर विश्वास ठेवून स्वतःचं डोकं नापास करून मोकळ्या झाल्या. मला हलवून विचारायचं होतं, अहो, तुमचाच नियम ना, आधी समोरच्याची तपासणी करा? माझी कुठे केलीत? पण हे ओरडायला तोंड उघडावं लागतं.

बुधवारी पार्टिशनपलीकडून आकडे येणं बंद झालं. दोन वर्षं ज्या बडबडीला मी कंटाळले होते ती थांबली, आणि मला काम सुचेना. मी उठून बघितलं तर त्या पट्टी लावून बसल्या होत्या, ओठ घट्ट मिटून. जेवताना कुळथाच्या पिठीत भात कालवता कालवता त्या पुटपुटत होत्या, “एकोणतीस दुणे अठ्ठावन्न, एकोणतीस त्रिक सत्त्याऐंशी…” स्वतःची परीक्षा घेत होत्या. दहापर्यंत गेल्या, मग माझ्याकडे बघून विचारलं, बरोबर आला ना गो? मला काय कळणार होतं? मी मान डोलावली. म्हणजे पुन्हा तेच केलं.

संध्याकाळी मी मेसेज लिहिला आणि पुसला. गुरुवारी त्यांच्या मागे मागे लालबागच्या नाक्यापर्यंत चालत गेले. त्यांनी वळून विचारलं, काय गो, इकडे कुठे? मी म्हटलं, काही नाही, मॅडम, मसाला घ्यायचाय. त्यांनी मला ओळखीच्या दुकानात नेऊन उभं केलं, मालवणी मसाल्यात कोणती मिरची किती हवी ते दुकानदाराला अर्धा तास सांगितलं, आणि पाव किलो मसाल्याची पुडी घेऊन मी दादरला घरी आले. आईनं विचारलं, हा कशाला? सांगण्यासारखं काही नव्हतं.

आता त्या निवृत्त झाल्या आहेत. त्यांचा मॉनिटर कोणी घेत नाही, त्यावरच्या रेघांमुळे. मला रोज सकाळी आठ एकोणसाठला त्यांचा मेसेज येतो. नमस्कार नाही, फुलाचं चित्र नाही, फक्त एक आकडा अक्षरांत: ‘त्र्याहत्तर. अंकात लिही.’ नऊच्या आत उत्तर द्यावं लागतं. चुकलं तर ‘गैरहजर’ असा शेरा येतो, आणि दुसऱ्या दिवशी तोच आकडा पुन्हा. रविवारीसुद्धा. आजारी असले तरी. मी त्यांना एकदा लिहिलं, मॅडम, माझं वय आता सव्वीस आहे. उत्तर आलं, ‘सव्वीस येतं, छान. एकोणसत्तर अजून कच्चा आहे.’

हे रोजचं लचांड माझ्यामागे लागलं ते त्या आठवड्यातल्या शुक्रवारी. इस्पितळाचा माणूस स्क्रीनवर होता. आमच्याकडून कौस्तुभ, मॅडम आणि मी. मॅडम एक मिनिट आधीच येऊन बसल्या होत्या. त्यांच्यासमोर एक कागद होता, त्यावर त्यांच्या गोल अक्षरांत दोन ओळी. मी शेजारी बसले होते म्हणून मला वाचता आल्या. मर्यादा सांगताना माझ्याकडून आकडा चुकला. यापुढे तपासणीचं काम मी करणार नाही.

कौस्तुभनं झालेला प्रकार इंग्रजीत मांडला. व्यवस्थित, कोणालाही न दुखवता. मॅडमच्या अनुभवाबद्दल दोन चांगले शब्दही बोलला. मग नेहमीच्या सवयीनं विचारलं, कोणाला काही सांगायचंय? या प्रश्नाला आमच्याकडे कोणी कधी उत्तर दिलेलं नाही. तो एक श्वास थांबतो आणि पुढे जातो. मॅडमनी चष्मा डोळ्यांवर चढवला आणि कागदावरच्या पहिल्या ओळीखाली पट्टी ठेवली.

मी खणातून आणलेली चिठ्ठी मुठीत धरून बसले होते, ती पार ओली झाली होती. मी काहीतरी बोलले. काय ते मलाच ऐकू आलं नाही. स्क्रीनवरचा माणूस सॉरी, सॉरी म्हणाला, आवाज येत नाही म्हणून. कौस्तुभ माझ्याकडे बघत राहिला. मॅडमनी मान वर केली नाही. पट्टीवरचा हात तसाच ठेवून, रोज डब्याला हाक मारायच्या त्याच आवाजात म्हणाल्या, “मोठ्यानं, अबोली.”

मी चिठ्ठी उलगडून त्यांच्या पट्टीच्या वर ठेवली.

“मॅडम, तुम्ही एकोणऐंशीच म्हणाला होतात. ८९ मी लिहिलं. मला मराठी आकडे येत नाहीत.”